आभाळाचा भरवसा नसताना हिवाळी चढाई कशी आखावी

चाळीसगावच्या आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला एक वही अडकवलेली असते. दिवाळी झाली की थेट महाशिवरात्रीपर्यंत रोज सकाळी साडेसहाला मी गच्चीवर जाते, कठड्याच्या आडोशाला लावलेल्या थर्मामीटरवर रात्रीचं किमान तापमान वाचते, समोरच्या देवळावरचा झेंडा कुठे फडकतोय ते पाहते आणि वहीत तीन गोष्टी लिहिते: आकडा, वारा, आभाळ. चढाईची आखणी माझ्या लेखी इथून सुरू होते. दोर, हार्नेस, गाठी शिकवणारी चांगली माणसं पुष्कळ आहेत. आभाळाचं मात्र कुणी बसवून सांगत नाही. मला ते शिकायला बारा हिवाळे आणि एक मोडलेलं मनगट लागलं.

ज्यांनी एखाद्या गिर्यारोहण संस्थेत प्रस्तरारोहणाचा प्राथमिक कोर्स केलाय, ज्यांना बिले देता येतो (म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळून तो पडला तर धरता येतं) आणि रॅपल करून, म्हणजे दोरावरून सरकत, सुखरूप खाली येता येतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. हे वाचून कुणी पहिल्यांदाच कड्याला हात घालू नये, ही विनंती.

थंडी कुठून येते, कशाने मोडते

खानदेशचा हिवाळा चढाईला फार चांगला. उत्तरेचा कोरडा वारा, कोरडा कातळ, तळहाताला घाम नाही, बुटाचं रबर बेसाल्टवर घट्ट बसतं. हाच काळा दगड एप्रिलात तव्यासारखा तापतो आणि श्रावणात शेवाळतो. म्हणजे वर्षाकाठी हाती येतात ते तीन-साडेतीन महिने, आणि त्यातही मधेच आभाळ येतं.

ते का येतं हे समजून घेतलं तर निम्मं काम होतं. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारे कमी दाबाचे पट्टे, इराण, अफगाणिस्तान ओलांडून उत्तर भारतात येतात आणि हिमालयात बर्फ पाडतात. विक्षोभ पुढे सरकला की त्याच्या पाठीमागून थंड कोरडी हवा खाली उतरते, आणि तेव्हाच धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या आपण वाचतो. पण एखादा विक्षोभ दक्षिणेकडे लांबला आणि त्याच वेळी अरबी समुद्रावरून किंवा बंगालच्या उपसागरावरून बाष्प आलं, की आपल्याकडे अवकाळी पाऊस, विजा, कधी गारा. २०१४ साली फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात गारपिटीने काय केलं ते इकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

यातला क्रम ध्यानात ठेवा. आधी थंडी ओसरते. मग उंचावर पिंजलेल्या कापसासारखे ढग दिसू लागतात. मग आभाळ भरतं, पाऊस आला तर येतो. आणि सगळं निघून गेलं की उत्तरेचा वारा घुसतो आणि कडाका पडतो. लोक थंडी कमी झाली म्हणून खुशीत निघतात, आणि नेमकी तीच वेळ वाईट असते. मी कडाक्याच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी निघते. पहिल्या दिवशी खिंडीत वारा इतका असतो की खालचा माणूस वरच्याला काय ओरडून सांगतोय ते कळत नाही.

मनगट आणि वारा

काही वर्षांपूर्वीची जानेवारीतली गोष्ट. तारीख महिनाभर आधी ठरलेली, दोघांनी रजा टाकलेली, गाडी सांगितलेली. आदल्या रात्री आम्ही गोधडी पायाशी ढकलून झोपलो. एवढं उकडलं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सकाळी दहाला पाऊसही म्हणवणार नाही असं दहा मिनिटांचं शिंतोडं आलं. माझी जोडीदार तेव्हा तांबड्या मातकट थरावरून आडवी सरकत होती. पाय निसटला, दोराने ती धरली गेली, पण लंबकासारखी झोका खाऊन बाजूच्या कातळावर आपटली. उजवं मनगट मोडलं. तिला खाली आणायला चार तास लागले.

त्या दिवशी घरी परतल्यावर आबांचा फोन आला. आबा गिरणाकाठी आमच्या शेतावर राहतात. कापूस, हरभरा, थोडा गहू. सगळं ऐकून घेऊन ते एवढंच म्हणाले, "रातले थंडी वाजनी नही ना माय? वारा फिरना व्हता." शेतात त्यांना जे कळलं होतं ते गच्चीवर झोपून मला कळलं नव्हतं. वही त्याच आठवड्यात आणली.

२०२३ च्या नोव्हेंबरात २६ तारखेला रविवार होता, आणि आमची चढाई त्याच दिवशी ठरली होती. हवामान खात्याचा विजा-गारांचा इशारा आधीच आलेला, वहीतला आकडा दोन दिवसांत चढलेला, झेंडा उत्तरेकडे फडकत होता, म्हणजे वारा दक्षिणेचा. आम्ही शुक्रवारीच रद्द केलं. त्या रविवारी उत्तर महाराष्ट्रात अवकाळीने जे नुकसान केलं त्यात आबांचा झाडावर फुटलेला कापूस भिजला. आम्ही चौघं कड्यावर नव्हतो, दुपारनंतर त्यांच्या शेतात ताडपत्र्या ओढत होतो.

दिवस एक, जागा तीन

नोकरी करणाऱ्यांना चार तारखा मोकळ्या ठेवता येत नाहीत. म्हणून मी तारीख एकच धरते आणि जागा तीन ठरवते.

पहिली जागा मोठ्या चढाईची. आमच्यासाठी ती बहुधा मनमाडजवळची हडबीची शेंडी. मुंबई-भुसावळ मार्गावरच्या गाडीतून अंगठ्यासारखा उभा दिसतो तोच सुळका. खानदेशाच्या हद्दीबाहेर असला तरी चाळीसगाव, पाचोरा, जळगावच्या माणसाला रेल्वेने सोयीचा. शेंडीचा वरचा टप्पा दोराशिवाय करण्याचा नाही. थंड, कोरडं, निरभ्र असेल तरच ही जागा.

दुसरी जागा घराजवळची, अशी की वर असताना आभाळ फिरलं तर पंधरा मिनिटांत सगळे जमिनीवर आणि अर्ध्या तासात छपराखाली. आमची आहे ती गावाबाहेरची तीस-पस्तीस फुटांची भिंत, वर जाऊन अँकर, म्हणजे दोराचा पक्का आधार, लावायचा आणि वरून दोर सोडून चढायचं. धुळे-नंदुरबारकडच्यांना अशा जागा शोधायला फार फिरावं लागणार नाही. लाव्हा भेगांमध्ये घुसून थिजला त्याच्या शेकडो भिंती, भूगर्भवाले ज्यांना डाइक म्हणतात, त्या भागात शेतां-माळांतून मैलोन्‌मैल गेल्या आहेत. मात्र डाइकचा दगड ठोकळ्या-ठोकळ्यांनी फुटतो. प्रत्येक पकड आधी तळहाताने थोपटा. पोकळ आवाज आला तर ती सोडा.

तिसरी जागा दोर न लागणारी. अणकाई-टंकाईचा जोडकिल्ला शेंडीच्या शेजारीच आहे. टंकाईच्या पोटातली जैन लेणी, अणकाईवरचं अगस्ती ऋषींचं स्थान, पायऱ्यांची वाट. ढगाळ पण कोरड्या दिवसाला हे उत्तम. विजांचा इशारा असेल तर गडही नाही, घरीच बसून प्रुसिक (दोरावर आवळून धरणारी गाठ) आणि आठच्या गाठीचा सराव.

एक गोष्ट कळकळीने सांगते. लळिंग, भामेर, पितळखोरे अशा ठिकाणी बोल्ट, म्हणजे कातळात भोक पाडून बसवायची खीळ, मारायचा विचारही मनात आणू नका. तो आपला वारसा आहे, आणि संरक्षित वास्तूत भोक पाडणं गुन्हा आहे. पाटणादेवीचा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय दोर काढायचा नाही. मांगी-तुंगी हे जैनांचं तीर्थ, तिथे दर्शनाला जावं.

दहा दिवस ते पहाट

दहा दिवस आधी कुठल्याही ॲपवरचा पावसाचा अंदाज मी वाचत नाही. त्या वेळी परवानग्या, जोडीदार, गाडी एवढंच पक्कं करते. पाच दिवस राहिले की प्रादेशिक हवामान केंद्र, मुंबईचा जिल्हावार अंदाज रोज पाहायला लागते. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल हे रंग इशाऱ्याचे. एक चूक बरेच जण करतात: आपला जिल्हा पाहतात, कड्याचा पाहत नाहीत. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात, शेंडी नाशिक जिल्ह्यात, आणि ढगाला तालुक्याची हद्द माहीत नसते. नाशिक, धुळे, जळगाव, छत्रपती संभाजीनगर असे चारही मी पाहते. एकही पिवळा असला तर पहिली जागा बाद.

दोन दिवस राहिले की वहीचं महत्त्व वाढतं. माझा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे. किमान तापमान दोन दिवसांत चार अंश किंवा जास्त चढलं, आणि वारा उत्तर सोडून पूर्वेला किंवा दक्षिणेला गेला, तर ॲपवर सूर्य दिसत असला तरी दुसरी जागा. हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही, माझ्या गच्चीचा आहे. तुमच्या गावचा आकडा वेगळा असेल. म्हणून आकडा उसना घेण्यापेक्षा नोंद ठेवायला लागा, एका हिवाळ्यात अंदाज येतो.

आदल्या संध्याकाळी आबांना फोन, हा आमचा शेवटचा सोपस्कार. तुमच्या ओळखीत शेतावर राहणारं माणूस असेल तर त्याला विचारा. "आज दव पडलं का?", "धूर कुठे जातोय?", "रात्री पांघरूण किती घेतलं?" असे प्रश्न विचारा. पाऊस येईल का, असं थेट विचारलं तर माणूस धीर देण्यासाठी उत्तर देतो.

पहाटे निघताना विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप फोनवर असावं. कड्यावर मात्र कान आणि घड्याळ. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीनाने भागा, तेवढे किलोमीटर ती लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर चढाई थांबली. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जायचं नाही. सुळक्याच्या माथ्यावर, अंगावर लोखंड-अ‍ॅल्युमिनियम लटकवून उभं राहण्यासारखी वाईट जागा दुसरी नाही.

पाऊस पडून गेल्यावर कातळ केव्हा धरावा

आपले डोंगर थरांचे आहेत. लाव्हाचे एकावर एक थर, काही घट्ट आणि काळेकुळकुळीत, काही भोकाभोकांचे, आणि दोन थरांच्या मधे पुष्कळदा तांबड्या मातकट दगडाची पट्टी. घट्ट बेसाल्ट दक्षिणेच्या उन्हात काही तासांत वाळतो. भोकांच्या दगडाला एक दिवस द्या. तांबड्या पट्टीवर ओल असेपर्यंत पायच ठेवू नका, ती साबणासारखी होते आणि नखाने खरवडता येते. तिच्यात मारलेली मेखही धरत नाही.

दुसरं, पाणी वरून पडून संपत नाही. ते भेगांतून उतरतं आणि थर जिथे बदलतो तिथे पाझरत बाहेर येतं. वरचा कातळ कोरडा खणखणीत आणि मधे अचानक हातभर ओली पट्टी, असं पावसानंतर दोन-तीन दिवसही सापडतं. खाली उभं राहून दुर्बिणीने आधी ती पट्टी शोधा. गडद रंग, चकाकी, हिरवट गवताचा पुंजका या तिच्या खुणा. आणि पावसाने सैल झालेले दगड उन्हाने वाळताना सुटतात, त्यामुळे खाली बिले देणाऱ्यानेही हेल्मेट काढायचं नाही.

पाऊस नसला तरी धरणाजवळच्या कड्यांवर सकाळी दव असतं. पहिल्या उन्हापर्यंत थांबा. तोवर चहा प्या.

ऊन आणि अंधार

डिसेंबरच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. दिवस अकरा तासांचाही नाही. भर दुपारीही तो दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून साधारण ४६ अंशांवर असतो. म्हणून दक्षिणेची भिंत दिवसभर उन्हात आणि उत्तरेची दिवसभर सावलीत. कडाक्यात मी दक्षिणेची किंवा पूर्वेची बाजू घेते. उत्तरेच्या बाजूला नऊ वाजताही बोटं बधिर होतात, आणि बधिर बोटांना पकड किती घट्ट आहे ते कळत नाही. तरीही त्या बाजूने जायचं असेल तर अकराला चढायला लागा.

मुक्काम असेल तर तंबू नाल्यात किंवा नदीच्या पात्रात लावू नका. वारा पडलेल्या निरभ्र रात्री थंड हवा जड होऊन खोलगटात साठते. पन्नास-शंभर फूट वर उतारावर तंबू लावला तर फरक जाणवतो, आणि सकाळी दोर दवाने ओला मिळत नाही.

आमची उलट फिरायची वेळ दुपारी एकची. एकला जिथे असू तिथून उतरायला लागायचं, माथा दहा फुटांवर असला तरी. हे घरी ठरतं, चौघांनी मोठ्याने म्हणायचं आणि वहीत लिहायचं. कड्याखाली उभं राहिल्यावर माणसाचा हिशेब बदलतो, माथा दिसत असला की अजून बदलतो. आणि चौघांपैकी एकानेही "मला बरं वाटत नाही" म्हटलं तर कारण विचारायचं नाही. माझा भाचा आमच्यात सर्वांत लहान, पण आजवर दोनदा त्याच्या शब्दावर आम्ही उतरलोय, आणि त्याला त्याचा कधी संकोच वाटू दिला नाही.

आग्या मोहोळ

हवामानाइतकंच हे महत्त्वाचं. थंडीत रानात फुलोरा असतो आणि कड्यांच्या पुढे आलेल्या कपारीखाली आग्या मोहोळं लागतात. थंड सकाळी ती निपचित असतात, लांबून काळा डाग वाटतो. ऊन चढलं की जागी होतात, आणि तेव्हा तुम्ही बरोबर त्यांच्या खाली दोराला लटकलेले असता. म्हणून दुर्बीण. पायथ्याच्या गावातल्या गुराख्यांना विचारा, त्यांना प्रत्येक पोळं ठाऊक असतं. मोहोळ असलेली वाट त्या हिवाळ्यापुरती सोडून द्या. अत्तर, सुवासिक तेल नको. शेकोटी तर मुळीच नको: धुराने माश्या उठतात, आणि जानेवारीतलं वाळलं कुसळी गवत ठिणगीने पेटतं. बिले देणाऱ्याने वरच्याला वेगाने पण ताब्यात ठेवून खाली सोडण्याचा सराव आधीच केलेला असावा.

सामान

नेहमीच्या यादीवर वेळ घालवत नाही. अनिश्चित हवेसाठी म्हणून चारच गोष्टी जास्तीच्या घेते.

एक, दुसरा दोर. ६० मीटरचा दोर दुमडून रॅपल केलं तर ३० मीटरच उतरता येतं. घाईने उतरायची वेळ आली आणि टप्पा त्याहून लांब निघाला तर दोन दोर जोडावे लागतात. दोन, अँकरसाठी सोडून देता येतील अशा दोन स्लिंग (शिवलेल्या पट्ट्यांची कडी) आणि जुने पण धड दोन कॅरॅबिनर (उघड-मीट होणाऱ्या धातूच्या कड्या). पाऊस आला तर ते कड्यावरच ठेवून उतरा, त्यांचा मोह धरू नका. तीन, दोरासाठी जाड प्लास्टिकची पिशवी. नायलॉन ओला झाला की त्याची झटका सोसण्याची ताकद बरीच घटते, शिवाय ओला दोर बिलेच्या उपकरणात नेहमीसारखा वागत नाही. भिजल्या दोरावर लीड, म्हणजे दोर खालून सोबत नेत पहिली चढाई, करायची नाही, फक्त उतरायचं. चार, प्रत्येकाच्या पाठपिशवीत कानटोपी आणि वारा अडवणारं जाकीट, दुपारी तीस अंश असले तरी. घामाने भिजलेल्या अंगाला खिंडीतला वारा लागला की माणूस दहा मिनिटांत कुडकुडतो.

जुन्या बोल्टवर विश्वास टाकू नका. गंज वरून थोडा दिसतो, आत किती गेलाय ते दिसत नाही. एका बोल्टवर कधीच नाही, दोन जोडून.

पाणी माणशी चार लिटर. जानेवारीत आपल्याकडचे बहुतेक ओढे कोरडे असतात. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. दशमी दोन दिवस मऊ राहते आणि एका हाताने खाता येते.

येणं-जाणं

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुकं पडतं आणि तिकडून भुसावळमार्गे येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. सकाळी मनमाडला पोचायचं असेल तर अशा गाडीवर भरवसा ठेवू नका. तीन तास उशिरा पोचलेला गट तीन तास उशिरा चढायला लागतो आणि एकची वेळ चारची करतो. याच भागातून सुटणारी गाडी किंवा बस घ्या, नाहीतर आदल्या रात्री मनमाडला मुक्काम करा. मनमाडहून अणकाई दहा-बारा किलोमीटर. कापूस वेचणीच्या दिवसांत गावातल्या गाड्या मजुरांना ने-आण करण्यात गुंतलेल्या असतात, त्यामुळे परतीचं वाहन आधी सांगून ठेवावं.

पायथ्याच्या एका घरी आपण किती जण, कुठल्या बाजूने चढतोय आणि किती वाजता उतरणार हे सांगून जा. सातपर्यंत आलो नाही तर कुणाला फोन करायचा तो नंबर कागदावर लिहून द्या. रुग्णवाहिकेचा १०८ आणि पोलिसांचा ११२ हेही त्याच कागदावर लिहा. आणि उतरल्यावर कितीही थकलेले असलात तरी त्या घरी जाऊन आल्याचं सांगा. एकदा आम्ही परस्पर दुसऱ्या वाटेने स्टेशनवर गेलो होतो. त्या घरची आजी रात्री आठपर्यंत कंदील घेऊन ओट्यावर बसली होती, हे आम्हाला पुढच्या वर्षी कळलं.